वाढलेली विद्या व अडलेलें वेतन

शिक्षकाची लायकी किती असावी, ह्याची चर्चा सध्यां जिकडेतिकडे चालू आहे. सर्वोच्च न्यायालयानें १ सप्टेंबर २०२५ रोजीं दिलेल्या निकालानें तिला विशेष जोर आला. ज्या शिक्षकांची पांच वर्षांहून अधिक नोकरी शिल्लक आहे, त्यांची नेमणूक २००९च्या शिक्षणहक्क कायद्यापूर्वींची असली तरीही, त्यांनीं दोन वर्षांच्या आंत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावें, न होतील तर त्यांस नोकरी सोडावी लागेल. ज्यांची नोकरी पांच वर्षांहून कमी उरली आहे त्यांनीं निवृत्तीपर्यंत कामावर रहावें, परंतु परीक्षेवांचून बढतीची अपेक्षा धरूं नये, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. मुलें योग्य शिक्षकाच्या हातीं पडावीं हा जो त्यामागील हेतु, त्याशीं आमचा वाद नाहीं. ज्याच्या हातीं दुसऱ्याचीं मुलें सोंपवावयाचीं, त्याची परीक्षा समाजानें घेतली तर त्यांत अपमान मानण्याजोगें कांहीं नाहीं.

आमचा प्रश्न निराळा आहे. लायकी कमी पडली तर शिक्षकास काय भोगावें लागेल, हें आतां स्पष्ट झालें. परंतु त्याच शिक्षकानें आपली लायकी आपण होऊन वाढविली, नोकरी व संसार सांभाळून आणखी एक पदवी मिळविली, तर त्यास काय मिळावयाचें व केव्हां मिळावयाचें? ह्या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रांत तरी आज समाधानकारक नाहीं. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. ज्या विद्येवर सरकारनें वेतनाची वाढ अवलंबून ठेवली, ती विद्या शिक्षकानें मिळविली व नेमलेली सेवा पुरी केली, म्हणजे त्या तारखेपासून तें वाढीव वेतन त्याच्या हक्काचें झालें. तें सरकारचें देणें आहे. बक्षीस किंवा मेहरबानी नव्हे.

प्रस्तुतची व्यवस्था सर्वच वाचकांस ठाऊक असेल असें नाहीं, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. शिक्षकाच्या धंद्यांत बढतीच्या जागा फार थोड्या. कचेरींतील कारकून चढत चढत वरच्या हुद्द्यावर जाऊं शकतो. शाळेंत मुख्याध्यापक एकच असावयाचा. ज्या पदावर नेमणूक झाली त्याच पदावरून निवृत्त होणें हें बहुतेक शिक्षकांच्या ललाटीं लिहिलेलें असतें. ह्यावर तोड म्हणून, १९८३ ते १९८५ ह्या वर्षांत डी. पी. चट्टोपाध्याय ह्यांच्या अध्यक्षतेखालीं बसलेल्या राष्ट्रीय शिक्षक आयोगाच्या शिफारशींवरून, महाराष्ट्र सरकारनें २ सप्टेंबर १९८९ रोजीं शासन निर्णय काढला व १ जानेवारी १९८६ पासून शिक्षकांना दोन चढत्या श्रेण्या लागू केल्या. १२ वर्षांची सेवा झाली कीं वरिष्ठ श्रेणी, २४ वर्षांची झाली कीं निवड श्रेणी. पद तेंच, वर्ग तोच, परंतु वेतन वरच्या पायरीचें, अशी ही योजना. आजही शिक्षकवर्गांत ती चट्टोपाध्याय आयोगाच्या नांवानेंच ओळखली जाते.

योजना चांगली होती. पण निवड श्रेणीच्या दारावर दोन पहारेकरी बसविण्यांत आले. पहिला अर्हतेचा. शिक्षकानें नेमणुकीच्या वेळची अर्हता वाढविली पाहिजे. पदवीधर असेल तर पदव्युत्तर पदवी घेतली पाहिजे. ह्या अटीबद्दल आम्हांस आनंदच आहे. दुसरा पहारेकरी संख्येचा. वरिष्ठ श्रेणींतील एकंदर पदांपैकीं २० टक्के पदांनाच निवड श्रेणी मिळावयाची. समजा, एका ठिकाणीं वरिष्ठ श्रेणींत १० शिक्षक आहेत, दहाही जणांची २४ वर्षें भरलीं आहेत, व दहाही जणांनीं वरची पदवी मिळविली आहे. तरी निवड श्रेणी दोघांना. उरलेल्या आठांनीं त्या दोघांपैकीं कोणी निवृत्त होईल किंवा जगाचा निरोप घेईल ह्याची वाट पाहत बसावयाचें! सहकाऱ्याच्या निवृत्तीकडे डोळे लावून बसण्याची वेळ जी व्यवस्था सज्जन माणसांवर आणते, तिच्या मुळाशीं कांहीं तरी चुकलें आहे हें सांगावयास पंडित नको.

ह्या दोन पहारेकऱ्यांच्या जोडीस आणखी कांहीं येऊन बसले. श्रेणी मिळण्यापूर्वीं एक सेवांतर्गत प्रशिक्षण पुरें केलें पाहिजे. परंतु तें भरविणें शिक्षकाच्या हातीं नाहीं, सरकारच्या हातीं आहे. २०२२ सालीं तें संगणकद्वारां भरविलें, तेव्हां प्रत्येक शिक्षकाकडून २,००० रुपये शुल्क घेण्यांत आलें. मालकानें नोकरास काम शिकविण्यासाठीं नोकराकडूनच पैसे घ्यावे, असा हा प्रकार. त्याआधीं २३ ऑक्टोबर २०१७च्या शासन निर्णयानें तर कहरच केला. शाळा मूल्यमापनांत वरच्या श्रेणींत असली व नववी-दहावीचा निकाल ८० टक्क्यांवर गेला, तरच तेथील शिक्षकांना ह्या श्रेण्या मिळाव्या, असें त्यांत ठरविलें होतें. मुलांच्या निकालावर शाळेचें अनुदान मोजण्याची पद्धत ह्या देशांत एकोणिसाव्या शतकांत होती. तिनें शिक्षण घोकंपट्टीचें होतें हें ओळखून १९०४ सालीं परक्या सरकारनें सुद्धां तिचा त्याग करण्याचें धोरण जाहीर केलें. तीच पद्धत एका शतकानंतर शिक्षकाच्या पगारावर लादण्याचा हा प्रयत्न होता. पुढें ती अट सोडावी लागली, हें सुदैव.

आमच्या वाचकांत व्यापारी वर्ग मोठा आहे. त्यांस ही गोष्ट समजण्यास कायद्याचीं पुस्तकें उघडावयास नकोत. पेढीवर मुदती हुंडी आली, मुदत भरली, नांव व रक्कम बरोबर निघाली, म्हणजे ती वटविलीच पाहिजे. “आज माझ्याकडे दहा हुंड्या आल्या आहेत, त्यांतल्या दोन मी वटवीन, बाकीच्यांनीं ओट्यावर बसून रहावें,” असें जो सराफ म्हणेल, त्याची पेढी दुसऱ्या दिवशीं उघडणार नाहीं. शिक्षकाची पदवी ही सरकारवर काढलेली हुंडीच आहे. तिची मुदत २४ वर्षांची आहे, आणि तिच्यावर सही सरकारच्याच शासन निर्णयाची आहे.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, २० टक्क्यांची अट पहिल्यापासून जाहीर आहे. ती ठाऊक असूनही शिक्षक पदवी घेतो, मग तक्रार कसली? हा आक्षेप कायद्याच्या भाषेंत बिनतोड आहे, हें आम्ही मान्य करितों. पण अट आगाऊ सांगितली एवढ्यानें ती न्याय्य ठरत नाहीं व शहाणपणाचीही ठरत नाहीं. अर्हतेची अट घालण्यांत हेतु काय? शिक्षकानें अधिक शिकावें हाच ना? मग जो शिकेल त्याला फळ मिळेलच अशी खात्री पाहिजे. पांचांतील चारांना फळ केव्हां मिळेल तें सांगतां येत नाहीं, आणि कदाचित् मिळणारही नाहीं, अशा व्यवस्थेंत मनुष्य अभ्यासाची पुस्तकें घेईल कीं सोडत काढणाऱ्याकडे जाईल?

ह्यांत बुडतें काय, तेंही पहावें. वयाच्या २८व्या वर्षीं नोकरीस लागलेल्या एका शिक्षिकेची कल्पना करूं. चुलीपासून वर्गापर्यंतचें राहाटगाडगें ओढून, रात्रीं घर निजल्यावर अभ्यास करून, तिनें चाळिशींत पदव्युत्तर पदवी मिळविली. ५२व्या वर्षीं तिचीं २४ वर्षें भरलीं. संख्येची मर्यादा आड आली व ५८व्या वर्षीं ती त्याच वेतनावर निवृत्त झाली. तोटा सहा वर्षांचा झाला असें वरवर वाटेल. परंतु १ नोव्हेंबर २००५ पूर्वीं नेमलेल्यांचें निवृत्तिवेतन अखेरच्या पगाराच्या निम्म्यानें ठरतें. म्हणजे अखेरचा पगार जितका खाली राहिला, तितकें तिचें पुढील सारें आयुष्य खालच्या पायरीवर गेलें. ह्या व्यवस्थेखालीं २४ वर्षें भरून आज जे निवृत्तीकडे चालले आहेत, ते सर्व त्या तारखेपूर्वीं नेमलेल्यांपैकींच आहेत.

शिक्षकाची विद्या व शिक्षकाचा पगार ह्यांची सांगड घालावी, ही मागणी आजची नाहीं. १८८२ सालीं जोतीराव फुले ह्यांनीं हंटर कमिशनला जें निवेदन सादर केलें, त्यांत प्राथमिक शिक्षकांविषयीं त्यांनीं स्पष्ट लिहिलें होतें कीं, ज्यांनीं नेमलेली अर्हता मिळविली आहे व ज्यांच्याकडे मोठ्या शाळा आहेत, त्यांचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा, आणि मोठ्या गांवांत तो १५ किंवा २० रुपये असावा. चांगले लोक ह्या धंद्यांत यावे व त्यांचा दर्जा वाढावा, हा त्यांचा हेतु होता. ज्यांनीं स्वतः शाळा काढल्या व चालविल्या त्या पुरुषाचें हें मत आहे. त्यांच्या वाक्यांत अर्हता व पगार ह्यांच्यामध्यें टक्केवारीची चौकट कोठेंच नव्हती.

आतां इतरांची स्थिति पाहूं. आपल्या राज्याच्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठीं २ मार्च २०१९च्या शासन निर्णयानें १०, २० व ३० वर्षांच्या सेवेनंतर वरच्या वेतनाचा लाभ देण्याची योजना आली. तींत २० टक्क्यांची मर्यादा नाहीं. शिक्षकांना आधींच दोन श्रेण्या आहेत ह्या सबबीवर तेव्हां त्यांना बाहेर ठेवलें. केंद्र सरकारनें आपल्या कर्मचाऱ्यांसाठीं १५ मार्च २०१९ रोजीं असा नियम केला कीं, नोकरींत असतांना कामास उपयोगी अशी वरची अर्हता मिळविणाऱ्यास १०,००० पासून ३०,००० रुपयांपर्यंत एकरकमी रक्कम द्यावी. रक्कम लहान आहे; पण ती किती, कोणत्या पदवीला व कोणाला, हें कागदावर स्पष्ट आहे. उलट, विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील अध्यापकांस पीएच.डी.बद्दल मिळणाऱ्या आगाऊ वेतनवाढी केंद्राच्या २ नोव्हेंबर २०१७च्या योजनेनें बंद करण्याचें ठरविलें. पदवीधारकांची बढती लवकर होते, तेंच त्यांचें फळ, असें कारण त्यासाठीं देण्यांत आलें. म्हणजे वाऱ्याची दिशा शिक्षकाला अनुकूल नाहीं. विद्येचें कौतुक भाषणांत वाढत आहे व वेतनपत्रकांत घटत आहे.

ह्या बाबतींत पंजाब व हरियाणा ह्या प्रांतांचा इतिहास फार बोधप्रद आहे. पंजाब सरकारनें २३ जुलै १९५७ रोजीं परिपत्रक काढून शिक्षकांची त्यांच्या अर्हतेप्रमाणें वर्गवारी केली व त्या त्या वर्गास वेतनश्रेणी नेमून दिली. पुढें १९६६ सालीं हरियाणा निराळा झाला. नोकरींत असतां बी.टी. किंवा बी.एड. झालेल्या शिक्षकांनीं वरची श्रेणी मागितली, तेव्हां सरकार मागेंपुढें पाहूं लागलें. तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८७ सालीं न्यायालयानें निर्णय दिला कीं, १९५७चें तत्त्व कायम आहे व अर्हता मिळाल्याच्या तारखेपासून शिक्षकास वरची श्रेणी मिळाली पाहिजे. वरचें पद रिकामें होतें कीं नव्हतें, हा प्रश्न तेथें गैरलागू ठरला. शिक्षकांचा हा मोठा विजय होता. परंतु ९ मार्च १९९० रोजीं हरियाणा सरकारनें नवें परिपत्रक काढलें कीं, वेतन पदाप्रमाणें मिळेल, केवळ अर्हता वाढविली म्हणून आपोआप मिळणार नाहीं. त्या तारखेपूर्वीं अर्हता मिळविलेल्यांचा हक्क टिकला. नंतरच्यांना तो न्यायालयांतही मिळाला नाहीं.

ह्यांतून दोन धडे निघतात. सरकारनें वचन स्पष्ट शब्दांत दिलें असेल, तर न्यायालय तें तारखेसह पाळावयास लावतें, हा पहिला. जें वचन केवळ परिपत्रकावर उभें आहे तें दुसऱ्या परिपत्रकानें जातें, हा दुसरा. महाराष्ट्रांतील निवड श्रेणी शासन निर्णयावरच उभी आहे. खासगी शाळांतील शिक्षकांसाठीं १९७७चा कायदा व १९८१ची नियमावली आहे. माध्यमिक शिक्षकांची ज्येष्ठता ठरवितांना त्या नियमावलींत अर्हतेप्रमाणें गट पाडलेले आहेत. अर्हतेला ज्येष्ठतेंत मान आहे, तर वेतनांतही तो त्याच नियमावलींत स्पष्ट कां नसावा?

आतां विरुद्ध बाजूच्या दोन गोष्टींचा विचार करूं. पहिली अशी कीं, पदवी वाढली म्हणून शिकवणें सुधारतें असें नाहीं. हें खरें आहे. एम.ए. झालेला प्रत्येक शिक्षक उत्तम शिकवितो असें आम्ही म्हणत नाहीं. आणि शिकविण्याच्या विषयाशीं ज्याचा कांहीं संबंध नाहीं अशा विषयांत, केवळ सोपा म्हणून, पदवी मिळविण्याची चाल कांहीं शिक्षकांत आहे, तिचा आम्ही निषेध करितों. शिक्षकसंघटनांनींही ती झांकूं नये. परंतु ह्यावर उपाय कोणता? कोणत्या पदव्या ग्राह्य, कोणत्या अग्राह्य, हें आगाऊ ठरवावें. गणिताच्या शिक्षकास गणिताची किंवा अध्यापनशास्त्राची पदवी ग्राह्य धरावी, भलतीच धरूं नये. पारख कडक असावी. पण पारखून घेतलेल्या नाण्याचा बट्टा कापूं नये.

दुसरी गोष्ट खजिन्याची. राज्यावर कर्ज आहे, पगार व निवृत्तिवेतनें ह्यांत महसुलाचा मोठा हिस्सा जातो, हें आम्ही जाणतों. आमचे वाचक करही भरतात. तथापि ह्या खर्चाला मर्यादा आहे. तो सर्व शिक्षकांवर पडावयाचा नाहीं. २४ वर्षें ज्यांनीं काढलीं व त्यांतही अर्हता ज्यांनीं वाढविली, तेवढ्यांवरच पडावयाचा, आणि तोही त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या कांहीं वर्षांत. शिवाय पदवीचा खर्च शिक्षकानें आपल्या खिशांतून केलेला असतो. त्याच १९८९ सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें, व नोकरी न सोडतां शिकण्याची सोय झाली. तेथें किंवा अन्यत्र शुल्क भरलें शिक्षकानें, रजा व झोंप खर्चिली शिक्षकानें. फायदा मात्र प्रथम वर्गांतील मुलांस, म्हणजे आपल्या मुलांस झाला. ज्या मालाचा उपयोग आपण रोज घेतों, त्याचें दाम देतांना हात आंखडता घेणें हा सचोटीचा व्यवहार नव्हे.

प्राथमिक शाळांतील शिक्षकांची अडचण तर ह्याहून बिकट आहे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणें पदविकाधारक प्राथमिक शिक्षकाचें मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होतें व प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचें ३८,६०० रुपयांपासून. पदविकेवर लागलेला शिक्षक पुढें बी.ए., बी.एड. झाला तरी, पदवीधराच्या जागेवर नेमणूक होईपर्यंत, त्या पदवीनें त्याच्या वेतनाची पायरी बदलत नाहीं. आणि त्याच्याही खालीं शिक्षणसेवक आहेत. २०००च्या सुमारास निघालेल्या योजनेनें नव्या शिक्षकाचीं पहिलीं तीन वर्षें मानधनावर गेलीं. तें मानधन १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकांत १६,०००, माध्यमिकांत १८,००० व उच्च माध्यमिकांत २०,००० रुपये झालें, तें होण्यासही शिक्षकांना वर्षानुवर्षें दाद मागावी लागली. नोकरीचा आरंभ असा व शेवट वर सांगितला तसा असेल, तर बुद्धिमान तरुण ह्या धंद्याकडे कां वळावे?

म्हणून आमच्या सूचना येणेंप्रमाणें आहेत. निवड श्रेणीवरील २० टक्क्यांची मर्यादा काढून टाकावी. सेवेचीं वर्षें व अर्हता हीं दोन्हीं पुरीं झालीं, म्हणजे दोहोंपैकीं जी तारीख नंतरची, त्या तारखेपासून वेतन देय धरावें. प्रशिक्षण सरकारनें दरवर्षीं विनाशुल्क भरवावें. तें वेळेवर भरलें नाहीं तर त्याचा भुर्दंड शिक्षकावर पडूं नये. ग्राह्य पदव्यांची व विषयांची यादी आगाऊ जाहीर करावी, आणि ती बदलावयाची झाल्यास, जे अभ्यासक्रमास बसले आहेत त्यांस जुनाच नियम लागू ठेवावा. शेवटीं, हें सर्व परिपत्रकाच्या भरंवशावर न ठेवतां १९७७च्या कायद्याखालील नियमांत घालावें. हरियाणाच्या शिक्षकांवर जो प्रसंग आला तो येथें येऊं नये.

सरकारकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊं असेंही नाहीं. गांवोगांवच्या शिक्षणसंस्थांच्या कार्यकारी मंडळांवर आमच्या वाचकांपैकीं कित्येक व्यापारी, वकील व डॉक्टर बसतात. शिक्षकानें प्रमाणपत्र आणून दिल्यावर त्याचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्याकडे पाठविणें हें संस्थेचें काम आहे, आणि तो संस्थेच्या दप्तरांतच महिनेच्या महिने पडून राहिला, तर दोष सरकारचा नसतो. आपल्या दुकानाची रोजकीर्द जे रात्रीं पुरी केल्यावांचून निजत नाहींत, त्यांनीं आपल्या शाळेंत एक वही घालावी. कोणत्या शिक्षकानें कोणती अर्हता कोणत्या तारखेस मिळविली, त्याचीं वर्षें केव्हां भरतात, प्रस्ताव कोणत्या दिवशीं गेला व उत्तर केव्हां आलें, एवढ्या नोंदी तींत असाव्या, आणि मंडळाच्या प्रत्येक सभेंत ती वाचली जावी. ह्यास पैसा लागत नाहीं, कायद्याचीही वाट पहावी लागत नाहीं.

पात्रता परीक्षेसाठीं दिलेल्या दोन वर्षांच्या मुदतीचे दिवस शिक्षक मोजीत आहेत. ती मुदत मोजून घेणाऱ्या सरकारनें स्वतःच्या देण्याचीही मुदत त्याच काटेकोरपणें मोजावी, एवढेंच आमचें मागणें आहे.